दोन तारखांच्या मधले दिवस

स्तनाच्या कॅन्सरचे निदान झालेल्या बाईच्या फाइलमध्ये दोन तारखा असतात. एक बायोप्सीच्या रिपोर्टची आणि दुसरी पहिल्या उपचाराची. मग तो उपचार म्हणजे शस्त्रक्रिया असो की केमोची पहिली सलाइन. या दोन तारखांच्या मध्ये आठ-दहा दिवस जातात, कधी तीन आठवडे. ज्यांनी ते काढले आहेत त्यांतल्या कित्येकजणी सांगतात, की सगळ्या आजारपणात हेच दिवस सर्वांत अवघड गेले. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, दिवसा घरातले कोणी नजरेला नजर देत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होते. एक तपासणी संपते तोवर दुसरी निघते. ‘उद्याच्या उद्या काढून टाका आणि मोकळे करा,’ असे डॉक्टरांना विनवणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? आत काय आहे ते कळले आहे आणि ते अजून तिथेच आहे, अशा अवस्थेत शांत बसणे कोणालाही जड जाईल.

पण या दिवसांना एक इतिहास आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. विसाव्या शतकात बराच काळ, जगातल्या नामांकित रुग्णालयांतही, हे दिवस अस्तित्वातच नव्हते. निदान आणि शस्त्रक्रिया एकाच टेबलावर, एकाच भुलीखाली होत, आणि जिच्या शरीरावर ते होई तिला दोन्ही गोष्टी शुद्धीवर आल्यावर एकदमच कळत. मधली जागा वैद्यकाने आपण होऊन मोकळी केली नाही. ती काही बायकांनी मागून, भांडून, लिहून मिळवली. मोजक्या सर्जनांनी आपल्याच व्यवसायाचा रोष पत्करून त्यांना साथ दिली. आज ज्या दिवसांचा जाच होतो ते दिवस कुठून आले, त्याची ही हकिगत आहे.

सुरुवात भुलीच्या आधीच्या काळापासून केलेली बरी. ‘एव्हलिना’ या १७७८ सालच्या कादंबरीमुळे प्रसिद्धीला आलेली इंग्रज लेखिका फॅनी बर्नी आपल्या फ्रेंच नवऱ्याबरोबर पॅरिसमध्ये राहत होती. १८१० च्या ऑगस्टमध्ये तिच्या स्तनात दुखू लागले. पुढे वर्षभर औषधपाणी, सल्लामसलत चालली. तिला पाहणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन लारे होता आणि सम्राज्ञीचे बाळंतपण केलेला द्युब्वा होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासण्याची सोय तेव्हा नव्हती. गाठ कशाची आहे हे बोटांनी चाचपून आणि अनुभवाने ठरे. शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे अखेर ठरले. फार सोसावे लागेल हे द्युब्वाने तिच्यापासून लपवले नाही. पण दिवस कोणता, ते सांगितले नाही. आधी थोडे तास कळवू, एवढेच आश्वासन मिळाले. असे करण्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. दिवस माहीत असला की भीती मनात साचत जाते, तेव्हा न सांगणे हीच दया, असा तो हिशेब होता.

३० सप्टेंबर १८११ च्या सकाळी चिठ्ठी आली. मग वेळ पुढे ढकलून दुपारची झाली. त्या काही तासांत बर्नीने पहिली व्यवस्था केली ती नवरा घरात नसेल याची. त्याला हे पाहावे लागू नये अशी तिची इच्छा होती. नंतर ती घरातच येरझाऱ्या घालत राहिली आणि मांडून ठेवलेले बँडेजचे, स्पंजचे ढीग पाहत राहिली. दुपारी काळ्या कपड्यांतली सात माणसे खोलीत आली. तोंडावर टाकलेला तलम रुमाल इतका पातळ होता, की त्यातून तिला पात्याची चमक दिसली. पोटात थोडे मद्य गेले होते, त्यापलीकडे वेदना थांबवणारे काही नव्हते. पुढे काही महिन्यांनी बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात तिने हे सगळे सांगितले. ते पत्र पुरे करायला तिला बरेच महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षे जगली आणि १८४० च्या जानेवारीत वारली.

बर्नीचे पत्र आज मुख्यतः वेदनेचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते. त्यात आणखी एक गोष्ट आहे. ती जागी होती. आपल्याला काय होणार आहे, कोण करणार आहे, कुठपर्यंत कापणार आहेत, हे तिला माहीत होते. मिळालेली मुदत काही तासांचीच होती, पण ती तिची होती, आणि तिने ती आपल्या मनाप्रमाणे वापरली.

पुढच्या शतकात वेदना गेली. खरे तर बर्नीच्याही आधी, १८०४ साली, जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने वनस्पतींपासून केलेले भुलीचे औषध पाजून एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या स्तनातली गाठ काढली होती. पण त्या काळच्या बंद जपानबाहेर ती विद्या गेली नाही. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि भूल जगभर पसरली. १८६७ साली जोसेफ लिस्टरने कार्बॉलिक ॲसिडने जखम स्वच्छ राखण्याची आपली नवी पद्धत वापरून स्वतःच्या बहिणीच्या स्तनाची शस्त्रक्रिया घरीच केली. ती त्यानंतर तीन वर्षे जगली. भूल आणि जंतुनाशन यांच्यामुळे सर्जनला अवधी मिळाला. घाई करण्याचे कारण उरले नाही. हवे तितके, हवे तिथपर्यंत कापता येऊ लागले. मात्र या देणगीबरोबर एक गोष्ट निसटली. झोपलेल्या माणसाला काही विचारता येत नाही.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेडने १८९४ साली आपल्या पन्नास रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. कॅन्सर गाठीपासून सुरू होऊन पाण्यावरच्या तरंगासारखा कडेकडेने पसरत जातो, अशी त्याची धारणा होती. तेव्हा जितके जास्त आणि जितके आधी काढाल तितके चांगले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळे तो एका तुकड्यात काढी. त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचे प्रमाण त्याच्या हातून आश्चर्यकारकरीत्या घटले. गाठी हाताला मोठ्या लागल्यावरच बायका दवाखान्यात येत, त्या काळात हे मोठे यश होते. पण छाती खोलगट होई, फासळ्यांवर कातडी चिकटे, हात सुजून जन्मभर जड राही. आणि शरीरात आधीच दूर पोहोचलेल्या कॅन्सरवर त्याचा काही उपयोग होत नसे.

१९०५ साली मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सनने गाठीचा तुकडा गोठवून, त्याचा पातळ काप रंगवून काही मिनिटांत तपासण्याची रीत बसवली. शस्त्रक्रिया चालू असताना निदान करता येऊ लागले. हॉलस्टेडची शस्त्रक्रिया आणि विल्सनचा गोठवलेला काप यांची सांगड घातली गेली आणि एक शिरस्ता पडला. बाई रुग्णालयात दाखल होई ती ‘गाठ तपासायला’. भूल देण्याआधी तिची सही एकाच कागदावर घेतली जाई: तपासणीला संमती, आणि कॅन्सर निघाल्यास स्तन काढायलाही संमती. तुकडा प्रयोगशाळेत जाई, सर्जन हातमोजे घालून वाट पाहत थांबे, निरोप येई, आणि पुढचे काम सुरू होई. शुद्धीवर आल्यावर छातीकडे हात नेऊन, बँडेज किती मोठे आहे यावरून तिला निदान कळे.

या शिरस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. दोनदा भूल देण्यात धोका असे. गाठीला हात लावून ती तशीच ठेवली तर कॅन्सर पसरेल अशी भीती होती. शिवाय करण्यासारखा उपाय एकच होता, मग तिला विचारायचे ते काय? निवड नसताना निवडीसाठी वेळ देणे म्हणजे छळ करणे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. बर्नीला तारीख न सांगणाऱ्यांचीच दया ती, आता रुग्णालयाच्या नियमात बसवलेली.

या दयेचे दुसरे नाव खोटे बोलणे हे होते. शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांना, कॅन्सर झाल्याचे रुग्णाला सांगता का, असे विचारण्यात आले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. त्याच सुमारास रेचेल कार्सन ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहीत होती. कीटकनाशके आणि कॅन्सर यांच्यावरचे संशोधन ती रोज वाचत होती. त्या विषयावर तिच्याइतकी माहिती असलेली माणसे देशात फार नसतील. १९६० च्या वसंतात तिचा स्तन काढला गेला. हा कॅन्सर आहे का, असे तिने सरळ विचारले होते. गाठ सीमारेषेवरची आहे, खबरदारी म्हणून काढली, असे तिला सांगण्यात आले. पुढचे उपचार सुचवले गेले नाहीत. वर्षअखेरीस तिला नवी गाठ लागली तेव्हा तिने क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल या सर्जनकडे धाव घेतली आणि त्याच्याकडून तिला खरे कळले. पुस्तक १९६२ साली आले, १९६४ च्या एप्रिलमध्ये ती गेली. जिने साऱ्या देशाला एक लपवलेले सत्य सांगितले, तिला स्वतःच्या शरीराचे सत्य मिळायला आठ-नऊ महिने लागले.

कार्सन क्राइलकडेच का गेली, याला कारण होते. एवढे कापावे लागते का, असे विचारणारे सर्जन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि हा त्यांतला एक. त्याच्या आधी लंडनमध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री कीन्स याने १९२० च्या दशकापासून गाठ तेवढी काढून किंवा नुसत्याच रेडियमच्या सुया टोचून उपचार केले होते, आणि त्याच्या रुग्णांचे निकाल हॉलस्टेडच्या पद्धतीपेक्षा वाईट नव्हते. हा कीन्स म्हणजे अर्थशास्त्रज्ञ कीन्सचा धाकटा भाऊ, आणि विल्यम ब्लेकच्या साहित्याचा मोठा अभ्यासक व संपादक. व्यवसायबंधूंनी त्याच्याकडे काणाडोळा केला. क्राइलने तर आपले म्हणणे १९५५ साली थेट एका लोकप्रिय साप्ताहिकात मांडले. सामान्य वाचकाला अशा गोष्टी सांगणे म्हणजे वैद्यकाची बदनामी करणे, अशी ओरड झाली.

पण सर्जनांमधला वाद सर्जनांमध्येच राहिला असता. तो बाहेर आणला तो बायकांनी. १९५२ साली न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसरला गाठीच्या तपासणीसाठी गेली असता स्तन गमावून जाग आली. हात कसा हलवायचा, कपड्यांचे काय करायचे, नवऱ्याशी काय बोलायचे, या प्रश्नांना उत्तर देणारे कोणी नव्हते. तिने स्वतः रुग्णालयांत जाऊन नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना भेटायला सुरुवात केली. खाटेशी येऊन बसणारी आणि ‘मीही यातून गेले आहे’ म्हणणारी बाई, ही कल्पना तिची. तिने शिरस्त्याला आव्हान दिले नाही. पण बायका बायकांशी बोलू लागल्या.

आव्हान १९७१ साली आले. एका मासिकाची साहित्य संपादक आणि कादंबरीकार असलेल्या बॅबेट रॉझमंडला गाठ लागली. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्या एकत्रित कागदावर सही करायला तिने नकार दिला. आधी सांगा, मग मी विचार करीन, एवढेच तिचे म्हणणे. निदान कॅन्सरचे निघाले. ती क्लीव्हलँडला क्राइलकडे गेली आणि गाठ तेवढी काढून घेतली. १९७२ साली तिने टोपणनावाने आपला अनुभव लिहिला. त्या पुस्तकाच्या नावातले शब्द ब्लेकच्या एका कवितेतले आहेत. ज्या कवीच्या संपादनात जेफ्री कीन्सने आयुष्य घालवले, त्याचेच शब्द कीन्सच्या वैद्यकीय मताची पाठराखण करणाऱ्या पुस्तकावर यावेत, हा योगायोग खरा, पण मोठा सुखद.

दोन वर्षांनी, १९७४ च्या जूनमध्ये, मेरिलँडमधल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईला गाठ लागली. तिने बातमीदाराच्या सवयीने ग्रंथालयात जाऊन वाचायला घेतले. मग एकामागून एक सर्जनांना फोन केले: फक्त बायोप्सी करा, निकाल मला सांगा, पुढचे मी ठरवीन. एकामागून एक नकार आले. अखेर एकाने मान्य केले. निदान कळल्यावर तिने चौकशी करून, छातीचे स्नायू राखणारी शस्त्रक्रिया करणारा सर्जन दूर बफेलो शहरात शोधून काढला.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड हिच्या स्तनात गाठ सापडली. एका टप्प्यातली शस्त्रक्रिया होणार, ही बातमी कळताच कुशनरने व्हाइट हाउसला फोन लावला. निदान आधी होऊ द्या, तिला विचार करायला वेळ द्या, एवढा निरोप पोहोचवायचा होता. राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे, असे उत्तर तिला मिळाले. शरीर बेटी फोर्डचे होते. २८ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. फोर्डबाईंनी आजार लपवला नाही, उलट मोकळेपणाने जाहीर केला आणि लाखो बायकांनी त्यामुळे तपासणी करून घेतली. त्यांचे हे ऋण मोठे आहे. पण त्या एका उत्तरात मागच्या पाऊणशे वर्षांची सगळी रीत उघडी पडली.

कुशनरचे पुस्तक १९७५ साली आले. तिचे म्हणणे ऐकले जाऊ लागले, कारण प्रयोगाचे पुरावेही त्याच दिशेने येत होते. पिट्सबर्गचा सर्जन बर्नार्ड फिशर याने हॉलस्टेडच्या तरंगाच्या कल्पनेलाच हात घातला होता. कॅन्सरच्या पेशी रक्तातून आणि लसिकेतून लवकरच दूर जाऊ शकतात. तेव्हा रुग्ण वाचेल की नाही हे सर्जन किती कापतो यावर तितकेसे अवलंबून नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. ते तपासण्यासाठी १९७१ पासून सोळाशेंहून अधिक बायकांवर त्याने तुलनात्मक चाचणी केली: हॉलस्टेडची शस्त्रक्रिया आणि त्याहून लहान शस्त्रक्रिया. जगण्यात फरक पडला नाही. १९७६ पासून दुसरी चाचणी सुरू झाली, पूर्ण स्तन काढणे विरुद्ध गाठ काढून रेडिएशन देणे. इटलीत मिलानमध्ये उंबर्तो व्हेरोनेसीने ७०१ बायकांची तशीच तुलना केली आणि १९८१ साली निष्कर्ष छापला; फिशरचा १९८५ साली आला. दोघांच्याही वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाले. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये स्तन राखूनही बायका तितक्याच जगल्या. मिलानमध्येच जान्नी बोनादोन्नाने १९७६ साली शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमो देऊन आजार परतण्याचे प्रमाण घटते हे दाखवले.

या सगळ्याचा एक अर्थ असा, की आता निवड करण्यासारखे काही होते. दुसरा असा, की निवडीसाठी काही दिवस घेतल्याने आभाळ कोसळत नव्हते. १९७९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. समितीत वैद्यकाबाहेरची व्यक्ती एकच होती, रोझ कुशनर. हॉलस्टेडची शस्त्रक्रिया नेहमीचा उपचार म्हणून करू नये, आणि बायोप्सी व शस्त्रक्रिया हे दोन स्वतंत्र टप्पे असावेत, अशी शिफारस झाली. त्याच वर्षी डॉक्टरांच्या मताची ती जुनी पाहणी दुसऱ्या एका रुग्णालयात पुन्हा केली गेली. आता ९७ टक्के डॉक्टर रुग्णाला निदान सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला. कुशनर १९९० च्या जानेवारीत याच आजाराने गेली. तिने मिळवलेली जागा तोवर रूढ झाली होती.

भारतातली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. ते उभे राहण्यामागे दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई यांचा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने झालेला मृत्यू होता. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी १९६३ साली मुंबईतच सुरू झाली. आज भारतातल्या बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली. इथल्या मोठ्या केंद्रांत आता सुईने बायोप्सी होते आणि रिपोर्ट आल्यावरच पुढचे ठरते. कोणता हार्मोन गाठीला पोसतो, हर-टू नावाचे प्रथिन जास्त आहे का, हे कळल्याशिवाय आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, हेही ठरवता येत नाही. ज्या दिवसांत काहीच घडत नाही असे घरच्यांना वाटते, त्या दिवसांत प्रयोगशाळेत उपचाराची दिशा ठरत असते.

हक्काचा प्रश्न मात्र आपल्याकडे न्यायालयात सुटला, आणि तोही दुसऱ्या अवयवाच्या निमित्ताने. दिल्लीत १९९५ साली एक स्त्री दुर्बिणीतून तपासणीसाठी दाखल झाली. तिला भूल दिलेली असतानाच तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे, जिवावर बेतलेले नसेल तर सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे, तिच्या वतीने आईचीही संमती चालणार नाही. रॉझमंडने १९७१ साली एका कागदावर सही नाकारताना जे म्हटले होते, ते भारतीय कायद्याने सदतीस वर्षांनी स्पष्ट शब्दांत लिहिले.

कायदा लिहिला गेला, पण घराची रीत त्याहून जुनी आहे. आपल्याकडे रिपोर्टचा लिफाफा पुष्कळदा मुलाच्या किंवा जावयाच्या हातात पडतो. ‘आईला एवढ्यात काही सांगू नका, तिला सोसणार नाही,’ असे डॉक्टरांना आधीच बजावले जाते. तिला सांगतात, साधी गाठ आहे, काढली की झाले. बंगालीत, तमिळमध्ये, हिंदीत वाक्य थोडेफार बदलत असेल, हिशेब तोच. ते बोलणारी माणसे तिच्यावर जीव टाकणारीच असतात. पण न सांगून ती तिला भीतीपासून वाचवतात असे नाही. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरून, रुग्णालयाच्या पाटीवरून, घरातल्या अचानक आलेल्या गोडव्यावरून तिला सगळे समजतेच. फक्त ते समजल्याचे बोलायला तिला कोणी उरत नाही. मग ती आणि घरचे, दोघेही एकमेकांसाठी नाटक करत बसतात, आणि मधले दिवस त्यातच जातात. काय विचारायचे, कोणाला भेटायचे, पैशांची कोणती सोय तिने स्वतःच्या नावावर करून ठेवली आहे, यातले काहीच तिला करता येत नाही.

आणखी एक अडचण नकाशाची आहे. स्तन राखणारी शस्त्रक्रिया झाली की साधारणपणे रेडिएशन घ्यावे लागते. पूर्वी ते रोज पाच आठवडे चाले, आता बहुतेकदा तीन आठवड्यांत आटोपते. पण यंत्र मोठ्या शहरात असते. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या बाईला तीन आठवडे शहरात राहायचे म्हणजे मजुरी, भाडे, बरोबर एक माणूस, मागे घरातली पोरे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. अशा वेळी पूर्ण स्तन काढून घेणे हाच तिला सोईचा मार्ग वाटू शकतो, आणि तो तिचा निर्णय असेल तर त्याचा मान राखलाच पाहिजे. पण यंत्र लांब आहे म्हणून नाइलाज होणे आणि विचार करून निवडणे, यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

शिवाय थांबण्याला मर्यादा आहे, हेही स्वच्छ सांगायला हवे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. दोन-तीन आठवडे समजून घ्यायला, दुसरे मत घ्यायला, तपासण्या पुऱ्या करायला आहेत. चार-सहा महिने जडीबुटीत आणि नवसात घालवायला नाहीत. कुशनरने मागितला होता तो विचार करायचा वेळ. आपल्याकडे त्याच नावाखाली अनेकदा चालढकल होते, आणि बाईला खरे माहीत नसले तर दोन्हींतला फरक तिला कळायचा तरी कसा?

मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियलने केलेला एक प्रयोग या दृष्टीने आठवण्यासारखा आहे. दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांचे स्तन हाताने तपासत आणि लक्षणे समजावून सांगत. २०२१ साली वीस वर्षांचे निष्कर्ष छापले गेले. कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. महागड्या यंत्राविना, एका बाईने दुसऱ्या बाईशी सरळ बोलून हे साधले. गाठ लहान असताना सापडली तर पर्याय जास्त उरतात, आणि ठरवायला मनाची उसंतही जास्त.

आज ज्या बाईच्या हातात रिपोर्ट आहे, तिला हा इतिहास सांगून झोप येणार नाही. बर्नी, कार्सन, कुशनर यांच्या नावांनी पोटातला गोळा विरघळत नाही. पण तिला एवढे मात्र सांगता येईल, की या दिवसांत तिच्याकडे कोणीतरी मागून घेतलेली एक गोष्ट आहे: प्रश्न विचारण्याची मुभा. गाठ केवढी आहे, काखेत गेली आहे का, स्तन राखता येईल का, राखला तर रेडिएशन कुठे, केमो आधी का, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का, आठवडाभराने काही बिघडेल का. हे प्रश्न विचारायला १९७४ साली एका बातमीदार बाईला अनेक सर्जनांचे दार ठोठवावे लागले होते. आज ते एका वहीत लिहून ओपीडीत नेता येतात. आणि घरच्यांना सांगायचे तर इतकेच, की लिफाफा तिच्या हातात द्या. त्यानंतरचे दिवस तिचे आहेत. तिच्या शेजारी बसून राहणे, हे तुमचे काम.